धुण्याचा हिशेब आणि धुराची किंमत

१९१८ साली, पहिले महायुद्ध संपत आले असताना, मँचेस्टरच्या वायुप्रदूषण सल्लागार मंडळाने एक पाहणी केली. वरकरणी ती किरकोळ वाटावी अशीच होती. धुराने काळवंडलेले मँचेस्टर आणि स्वच्छ हवेचे हॅरोगेट या दोन शहरांतील, एकमेकांशी तुलना होऊ शकेल अशा प्रत्येकी शंभर कामगार घरांच्या साप्ताहिक धुण्याच्या खर्चाची माहिती गोळा करण्यात आली. मँचेस्टरच्या घराला इंधन आणि धुण्याचे साहित्य यांपोटी आठवड्याला साडेसात पेन्स अधिक मोजावे लागत होते. साडेसात लाख वस्तीच्या त्या शहराचा एकत्रित हिशेब केल्यावर हा भुर्दंड वर्षाला २ लाख ९० हजार पौंडांच्या वर गेला. कपडे घासणाऱ्या बायकांचे जादा कष्ट त्यात धरलेच नव्हते. मध्यमवर्गीय घरांचा जादा खर्चही कामगारांच्या घरांइतकाच मानला होता. म्हणजे हा आकडा प्रत्यक्षाहून बराच कमी होता.

या पाहणीची आठवण आज उरली आहे ती एका तळटिपेमुळे. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या जाडजूड ग्रंथात केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर सेसिल पिगू यांनी ती नोंदवून ठेवली. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर इमारती खराब करतो, भाजीपाला नासवतो, कपडे व घरे वारंवार धुवायला लावतो आणि भरदिवसा दिवे लावायची वेळ आणतो. हा सारा खर्च समाज सोसतो, पण कारखानदाराच्या वहीत त्याची नोंद कुठेच होत नाही, हे त्यांचे प्रतिपादन. प्रदूषणावर कर बसवण्याची जी कल्पना आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते, तिचा उगम इथे आहे. आपल्याकडे कोळशावरचा उपकर येतो-जातो, प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या अधिकारांवर न्यायालयांत वाद होतात, तेव्हा पिगू यांचे नाव हमखास घेतले जाते. त्यांचे म्हणणे पूर्ण वाचून मात्र फार थोड्यांनी ते घेतलेले असते.

पिगू यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८७७ रोजी आइल ऑफ वाइट बेटावरील राइड या गावी, आजोळी झाला. वडील सैन्यात अधिकारी. घराणे फ्रान्समधून इंग्लंडात आलेल्या ह्युगनॉट प्रॉटेस्टंटांच्या वंशातले. हॅरो शाळेत ते हुशार विद्यार्थी म्हणून गाजले आणि तिथून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले ते इतिहास शिकायला. १८९९ मध्ये त्यांनी इतिहासाची पदवी परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. त्याच वर्षी राजा आल्फ्रेडवरील दीर्घ कवितेसाठी त्यांना विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. केंब्रिज युनियन या वक्तृत्वसभेचे ते अध्यक्षही झाले. अर्थशास्त्राकडे ते वळले नीतिशास्त्राच्या वाटेने. त्या काळी अर्थशास्त्र हा विषय 'मॉरल सायन्सेस' या परीक्षेचाच एक भाग होता. मी स्वतः इतिहासातून प्रशासनात आलो, म्हणून हा तपशील मला जवळचा वाटत असेल. पण समाजाचे भले म्हणजे काय, हा प्रश्न आधी आणि बाजाराचे गणित नंतर, हा जो क्रम पिगू यांच्या सगळ्या लेखनात दिसतो, त्याचे मूळ या शिक्षणात आहे, असे मला मनापासून वाटते.

आल्फ्रेड मार्शल हे त्यांचे गुरू. विसाव्या शतकाच्या आरंभी जोसेफ चेंबरलेन यांनी आयात मालावर जकात बसवण्याची मोहीम उघडली, तेव्हा तरुण पिगू मुक्त व्यापाराच्या बाजूने हिरिरीने लढले. पुढे करांसाठी ओळखल्या गेलेल्या माणसाची सार्वजनिक कारकीर्द अशी एका कराला विरोध करून सुरू झाली. १९०८ मध्ये मार्शल निवृत्त झाले आणि निवड समितीने ज्येष्ठ विद्वान हर्बर्ट फॉक्सवेल यांना डावलून अवघ्या तीस वर्षांच्या पिगू यांना अर्थशास्त्राच्या अध्यासनावर बसवले. साठीकडे झुकलेल्या फॉक्सवेल यांच्या मनातला सल अखेरपर्यंत गेला नाही. पिगू त्या अध्यासनावर १९४३ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे राहिले. त्याच सुमारास लंडनच्या इंडिया ऑफिसमधली नोकरी सोडून जॉन मेनार्ड केन्स केंब्रिजला परतले होते. त्यांना व्याख्याता म्हणून ठेवण्यासाठी पिगू स्वतःच्या खिशातून वर्षाला शंभर पौंड देत. पुढे याच केन्स यांनी पिगू यांच्यावर किती कठोर टीका केली, ते पाहता ही रक्कम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९१२ मध्ये 'वेल्थ अँड वेल्फेअर' प्रसिद्ध झाले आणि आठ वर्षांनी त्याच विचारांचा विस्तार होऊन मोठा ग्रंथ आला. त्यातले मध्यवर्ती सूत्र सोपे आहे. एखाद्या व्यवसायात आणखी थोडे भांडवल किंवा श्रम गुंतवले, तर गुंतवणाऱ्याला जे मिळते आणि समाजाला जे मिळते ते एकच असेल असे नाही. दीपगृह बांधणाऱ्याला प्रत्येक जहाजाकडून पैसे वसूल करता येत नाहीत, म्हणून दीपगृहे गरजेपेक्षा कमी उभी राहतात. रेल्वे इंजिनाच्या ठिणगीने रुळांलगतचे रान जळले आणि भरपाई द्यावी लागली नाही, तर रेल्वेचा नफा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. ही तफावत राज्यसंस्थेने अनुदान किंवा कर लावून मिटवावी, असे पिगू यांनी सुचवले. मोटारी रस्ते झिजवतात म्हणून पेट्रोलवर आणि मोटारीच्या परवान्यावर कर, हे त्यांनीच दिलेले एक उदाहरण. या कराचे प्रयोजन तिजोरी भरणे हे नाही. जो खर्च दुसऱ्याच्या माथी मारला जात होता, तो करणाऱ्याच्या वहीत आणून मांडणे, एवढेच त्याचे काम. म्हणूनच धुराच्या कराचा दर ठरवायचा तर आधी मँचेस्टरच्या धुण्याचा हिशेब हवा.

तरीही पिगू यांना सर्व रोगांवर करच औषध वाटत होते, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. जिथे संबंध गुंतागुंतीचे असतात, उदाहरणार्थ दाट वस्तीच्या शहरात कुठे किती उंच इमारत उभी राहावी, तिथे थेट नियमनच लागते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे राज्यसंस्थेविषयी ते भाबडे नव्हते. बाजाराच्या अपूर्ण व्यवहाराची तुलना अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासिकेत कल्पिलेल्या निर्दोष सरकारशी करू नका, हा त्यांचा इशारा त्याच ग्रंथात आहे. सरकारी यंत्रणा अज्ञानी असू शकते, हितसंबंधी गटांच्या दबावाखाली येऊ शकते, तिच्यातली माणसे विकली जाऊ शकतात, हे त्यांनी गृहीत धरले होते. निवडून आलेल्या सभा वेगळ्याच कामासाठी निवडल्या जातात, त्यांचे सदस्य बदलत राहतात, त्यांच्या सीमा प्रश्नाच्या सीमांशी जुळत नाहीत. म्हणून अशा कामांसाठी स्वतंत्र मंडळे व आयोग बरे, असा त्यांचा कल होता. करांचे पुरस्कर्ते पिगू यांचा पहिला भाग सांगतात आणि विरोधक त्यांना तो एवढाच ठाऊक होता असे धरून चालतात. दुसरा भाग कपाटात राहतो.

महायुद्धाने या माणसाचा स्वभाव पालटला, असे त्यांना ओळखणारे सांगत. माणसे मारण्याचे काम करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. विद्यापीठाच्या सुट्ट्यांमध्ये ते क्वेकर पंथीयांच्या रुग्णवाहिका पथकात आघाडीवर जाऊन जखमी सैनिकांची ने-आण करीत, आणि धोक्याची कामे मुद्दाम मागून घेत. युद्धापूर्वीचा विनोदी, गप्पिष्ट तरुण प्राध्यापक त्यानंतर दिसला नाही. अंगावर विटके कोट, स्त्रियांच्या सहवासाचा संकोच, समारंभांचा कंटाळा आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये बटरमिअर तळ्याच्या काठी बांधलेले एक घर, जिथे तरुण विद्यार्थ्यांना नेऊन ते डोंगर चढायला लावीत, अशी त्यांची पुढची प्रतिमा आहे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयविकाराने गाठले आणि गिर्यारोहणावरही मर्यादा आल्या. सरकारी समित्यांवर ते गेले. युद्धोत्तर चलनाचा विचार करणाऱ्या कनलिफ समितीवर आणि प्राप्तिकराच्या रॉयल कमिशनवर त्यांनी काम केले. पण सल्लागार म्हणून त्यांचा जीव तिथे रमला नाही. इंग्लंडने पौंड पुन्हा सोन्याला बांधला तो ज्या शिफारशींवर, त्यांत पिगू यांचाही वाटा होता, आणि तो निर्णय देशाला महागात पडला.

आता आपल्याकडे वळतो. भारतात १९७४चा पाणी कायदा, १९८१चा हवा कायदा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, ही नियमनाची चौकट. पिगू यांना हवी तशी स्वतंत्र मंडळेही आपण केंद्रात व राज्यांत उभारली. त्यांच्या हाती मात्र फार काळ दोनच हत्यारे होती: फौजदारी खटला, आणि १९८७-८८च्या दुरुस्त्यांनंतर कारखान्याची वीज-पाणी तोडून तो बंद पाडण्याचा आदेश. सेवेतील काही वर्षे मी एका राज्याच्या पर्यावरण विभागात होतो. मर्यादा थोडीशी ओलांडणारा आणि दहापट ओलांडणारा, या दोघांच्या फायलींवर सारखीच टिपणी येई. हजारो कामगारांचा कारखाना बंद करायला कोणी धजत नसे, आणि खटला निकालापर्यंत पोहोचेपर्यंत यंत्रे, मालक आणि अधिकारी सगळेच बदललेले असत. मर्यादेच्या आत असलेल्याला आणखी एक किलो धूर कमी करण्याचे काही कारणच नव्हते. २०२३च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातील बहुतांश तुरुंगवासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार असल्याचे सांगितले. दोन्ही पावले मला योग्य वाटतात. पण दंड ही शिक्षा आहे, किंमत नव्हे. तो पकडले गेल्यावर द्यावा लागतो. किंमत दररोज, प्रत्येक किलोमागे द्यावी लागते.

किंमत आकारायची तर मोजमाप खरे हवे. इथे गुजरातमधला एक अनुभव सांगायलाच हवा. तिथे प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांनी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून दरवर्षी पर्यावरण तपासणी करून घ्यावी, असा नियम होता. परीक्षक कारखान्याने निवडायचा आणि पैसेही कारखान्यानेच द्यायचे. २००९ ते २०११ या काळात राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, त्यांचे शुल्क मध्यवर्ती निधीतून दिले आणि काही मोजण्या पुन्हा करून पाहिल्या. जुन्या पद्धतीतले अहवाल आश्चर्यकारकरीत्या मर्यादेच्या किंचित खाली येऊन थांबत. नव्या पद्धतीत परीक्षक खरे आकडे लिहू लागले. त्यानंतर कारखान्यांनीही प्रदूषण कमी केले. पिगू यांनी सांगितलेले अज्ञान, दबाव आणि लाच हे तिन्ही दोष इथे एकाच व्यवस्थेत होते, आणि पैसे कोण देतो एवढेच बदलल्याने ते बऱ्याच अंशी आटोक्यात आले.

कराच्या बाबतीत आपला इतिहास अधिक विचित्र आहे. १९७७चा पाणी उपकर कायदा कारखान्याने किती पाणी वापरले यावर आकारणी करी, किती घाण सोडली यावर नव्हे. कशासाठी वापरले यानुसार दर बदलत, पण ते हजार लिटरला पैशांत मोजण्याइतके क्षुल्लक होते. त्या पैशावर मंडळांचा काही खर्च भागे, प्रदूषकाची झोप उडत नसे. जीएसटी आला तसा २०१७ मध्ये तो उपकर गेला. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. तो २०१४ मध्ये १००, पुढच्या वर्षी २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. दर चढत गेले तेव्हा जगभर भारताचे कौतुक झाले. पण २०१७-१८ पर्यंत गोळा झालेल्या सुमारे ८६ हजार कोटींपैकी जेमतेम एक तृतीयांश रक्कम स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पोहोचली. २०१७ मध्ये त्याच ४०० रुपयांना जीएसटी भरपाई उपकर हे नाव मिळाले आणि पैसा राज्यांच्या महसुली तुटीकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही रद्द झाला. त्याऐवजी कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला.

हा शेवटचा बदल अर्थसंकल्पाच्या भाषेत तटस्थ वाटेल. धुराच्या भाषेत तो तसा नाही. टनावर आकारलेला ठरावीक कर स्वस्त, जास्त राखेच्या कोळशाला तुलनेने जड पडे, कारण तेवढीच वीज काढायला असा कोळसा जास्त टन जाळावा लागतो. किमतीच्या टक्केवारीत कर आला की हलका कोळसा हलकाच कर देतो. वजनावरचा करही अचूक नव्हताच. चिमणीवर गाळणी बसवणारे वीजकेंद्र आणि न बसवणारे वीजकेंद्र दोघेही तेवढेच भरत. पण निदान त्याचा रोख बरोबर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये, सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून बहुसंख्य औष्णिक वीजकेंद्रे वगळण्यात आली. हे निकष डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले होते, दोन वर्षांत पाळायचे होते आणि मुदतवाढींवर जगत होते. सरकारच्या निर्णयामागे खर्चाचा व लाभाचा काही युक्तिवाद आहे, तो मी वाचला आहे. अशा यंत्रणेवरचा खर्च प्रत्येक ठिकाणी सार्थकी लागतो असे माझेही म्हणणे नाही. मात्र तीन महिन्यांच्या आत सक्ती आणि वजनावरचा कर दोन्ही गेले, तर त्या केंद्रांसमोर धुराची कोणती किंमत उरली? स्वीडनने १९९२ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडवर किलोला ४० क्रोनर कर लावला आणि जमलेला पैसा वीज व उष्णतेच्या उत्पादनाच्या प्रमाणात त्याच उद्योगांना परत दिला. स्वच्छ केंद्रांना फायदा, अस्वच्छांना तोटा आणि तिजोरीला जवळपास काहीच नाही. अर्थ मंत्रालयात असा प्रस्ताव कोणत्या चेहऱ्याने वाचला जाईल याची मला कल्पना आहे.

पिगू यांच्या उत्तरायुष्यावर केन्स यांची सावली पडली. १९३६ मध्ये केन्स यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात जुन्या अर्थशास्त्राचे प्रतिनिधी म्हणून पिगू यांनाच समोर उभे केले, आणि पिगू यांनीही त्या ग्रंथाचे तितकेच झणझणीत परीक्षण लिहिले. पण १९४९ मध्ये, केन्स वारल्यावर तीन वर्षांनी, केंब्रिजमधल्या व्याख्यानांत त्यांनी मान्य केले की त्या ग्रंथाचे महत्त्व आपल्याला तेव्हा पुरेसे उमगले नव्हते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, दिवंगत प्रतिस्पर्ध्याविषयी, आपल्याच विद्यापीठात असे बोलणारे किती प्राध्यापक असतील?

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर काळे धुके उतरले आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर आलेल्या १९५६च्या स्वच्छ हवा कायद्याने ठरावीक भागांत धूर सोडायलाच बंदी केली. म्हणजे ज्या धुराने कराची कल्पना दिली, तो धूर पिगू यांच्याच देशात, त्यांच्या हयातीत, कराशिवाय आटोक्यात आणायला सुरुवात झाली. लाखो घरांच्या शेगड्यांमधला धूर किलोवर मोजणे शक्य नव्हते. बंदी सोपी होती. माझ्या मते हा त्यांच्या विचाराचा पराभव नव्हता, पण कर आणि नियमन यांतले एकच शहाणपणाचे असते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. ७ मार्च १९५९ रोजी पिगू केंब्रिज येथे वारले.

पुढच्याच वर्षी रोनाल्ड कोस यांचा सामाजिक खर्चावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात रेल्वेच्या ठिणग्यांच्या उदाहरणावरच हल्ला होता. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च येत नसेल, तर प्रदूषक व पीडित आपसांत सौदा करून मार्ग काढतील, त्याला कराची गरज नाही, हा त्यातला गाजलेला मुद्दा. प्रत्यक्षात वाटाघाटींना खर्च येतोच, हे कोस यांनीही त्याच निबंधात मांडले होते. त्यांचे अनुयायी ते विसरतात. हक्कांच्या खरेदी-विक्रीच्या या विचारधारेतूनच उत्सर्जन परवान्यांचा बाजार ही कल्पना पुढे आली. २०१९ मध्ये सुरतेत, मुख्यतः कापड उद्योगातल्या तीनशेहून अधिक कारखान्यांत तो सुरू झाला. चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे, एकूण धुळीवर मर्यादा आणि किलोगणिक परवाने. त्यात सहभागी कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. नावाने हा कर नाही, पण प्रत्येक किलोला किंमत आली, म्हणून पिगू यांनी त्याला आपलाच नातेवाईक म्हटले असते.

आणि वाटाघाटींचा खर्च किती असू शकतो, हे उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी गावात दिसले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या रासायनिक कारखान्यांनी 'एच आम्ल' बनवताना निघालेला सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला. आसपासच्या विहिरींचे पाणी तपकिरी झाले, जमिनी नापीक झाल्या. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. १९९६ मध्ये प्रदूषक भरपाई देईल, हे तत्त्व न्यायालयाने ठामपणे लागू केले आणि पुढच्या वर्षी सफाईसाठी सुमारे ३७ कोटी ३८ लाखांची रक्कम ठरली. ती भरणे टाळण्यासाठी अर्जांमागून अर्ज होत राहिले. १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने त्या रकमेवर १२ टक्के चक्रवाढ व्याज आणि १० लाखांचा खटल्याचा खर्च लावला.